बारा मिनिटांची वाफ

बॉयलरखोलीत पालथ्या पडलेल्या माणसाला उताणा करायला हवालदारानं खांद्याला हात लावला, तर सदऱ्याबरोबर कातडीही सुटून हातात आली. हवालदार भिंतीशी जाऊन ओकला. इन्स्पेक्टरबाई ओकल्या नाहीत. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जळालेली, बुडालेली, कापलेली माणसं पाहिली होती. उकडलेला माणूस मात्र पहिलाच, आणि हा वास चार दिवस नाकातून जाणार नाही हे त्यांना तिथेच कळून चुकलं.

सकाळचे सात वाजत होते. फोन साडेसहाला आला होता. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी वाफेवर धुऊन, इस्त्री करून देणारा हा कारखाना. मेलेला माणूस इथला बॉयलर सांभाळायचा. वीस वर्षं त्याला सगळे बॉयलरवालाच म्हणत आले होते.

"घसरून पडला असेल," तोंड पुसत हवालदार म्हणाला. "पडताना नळ सुटला असेल."

"डोकं बघितलंत? मागून दोन ठिकाणी कवटी आत गेली आहे. घसरलेला माणूस एकदा आपटतो. दुसऱ्यांदा आपटायला आधी उठावं लागतं."

बाईंचा डावा गुडघा दुखरा होता, तरी काठी टेकत, वाकून त्या सगळी खोली फिरल्या. भिंतीवर अवजारं ओळीनं टांगलेली. सगळी तेलानं काळीकुट्ट, फक्त हातभर लांबीचा एक पाना तेवढा लख्ख.

"हत्यार धुऊन जागेवर ठेवणारा खुनी," बाई म्हणाल्या. "याच्या घरी बायको खूश असणार."

बॉयलरच्या तोंडाशी काचेच्या डब्यात वाफ मोजणारा नवा मीटर बसवला होता. मीटरच्या पुढे नळाला दोन फाटे फुटत होते. एक भिंतीतून पलीकडे इस्त्रीच्या रुळांकडे गेला होता. दुसरा जुनाट, गंजका, फरशीच्या कडेनं आलेला आणि मधेच करवतीनं कापलेला. कापलेलं तोंड बरोबर प्रेताच्या पाठीकडे होतं. त्या फाट्याचा व्हॉल्व्ह बाईंनी रुमालानं चाचपला. घट्ट बंद होता.

"उकडून मेलेला माणूस उठून व्हॉल्व्ह बंद करतो का हो, हवालदार?"

हवालदारानं मान हलवली. एवढं त्यालाही कळत होतं.

"पण मॅडम, आरोपी तर पकडलाय. लोकांनीच. पलीकडे बांधून ठेवलाय."

पलीकडच्या हॉलमध्ये जे बांधलेलं होतं त्याला माणूस म्हणायला धाडस लागलं असतं. पिळून दोर केलेल्या ओल्या चादरींनी त्याला कपड्यांच्या ढकलगाडीला आवळलं होतं. जबडा एका बाजूला सरकलेला, डोळा मिटलेला, उजवा हात कोपरातून उलट्या दिशेला वळलेला. तोंडातून लालसर फेस येत होता. भोवती चाळीस बायका-पुरुष उभे होते. हा इस्त्रीवाला, मेलेल्याचा सख्खा मेहुणा. कालच संध्याकाळी सगळ्यांच्या देखत त्यानं बॉयलरवाल्याचा दात पाडला होता आणि 'पुन्हा तिच्यावर हात टाकलास तर जिवंत ठेवणार नाही' असं बजावलं होतं. आज सहा वाजता तो प्रेतावर सापडला, दोन्ही हात रक्तानं भरलेले.

"पळायला लागला होता मॅडम," एक दांडगा धुलाईवाला पुढे येऊन म्हणाला. "आम्ही धरून ठेवला. तुमचं काम सोपं केलं."

"माझं काम तुम्ही केलंत. मग तुमचं मी करू? चादरी धुऊ? बाजूला व्हा."

बाईंनी स्वतः गाठी सोडल्या. रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत त्या त्याच्या तोंडाशी कान नेऊन बसल्या.

"आत कशाला गेला होतात?"

"रूळ... गार होते." शब्दाशब्दाला तो धापा टाकत होता. "सहाला तापलेले असतात. म्हणून बघायला."

"आत काय दिसलं?"

"काही नाही. धुकं. सगळी वाफ. पायात आला. त्याच्यावरच पडलो."

"काल मारलंत त्याला."

"मारलं. बहिणीच्या गळ्यावर वळ होते." त्यानं एक डोळा उघडला. "आज नाही मारलं."

त्याला उचलून नेलं तेव्हा ढकलगाडीखाली रक्ताचं थारोळं उरलं होतं. एका बाईनं सवयीनं फडकं आणलं. इन्स्पेक्टरबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं, तशी ती परत गेली.

घड्या घालायच्या टेबलाशी, चादरींच्या ढिगाला टेकून, मेलेल्याची बायको बसली होती. इस्त्रीवाल्याची धाकटी बहीण. वय पस्तिशीचं, गळ्यावर चार बोटं निळी उमटलेली.

"नवरा गेला आणि रडू येत नाही, याची लाज वाटते मला," तिनं आपण होऊन सुरुवात केली. "पण एवढं सांगा बाई. दादानं केलं का? त्यानंच मला वाढवलं. त्यानं केलं असेल तर माझं माहेरही गेलं आणि सासरही. आणि माझ्यामुळे गेलं."

"दिवस मावळायच्या आत सांगते. तोवर मला सांगा, तुमचा नवरा अलीकडे कुणाशी वाकड्यात होता?"

"माझ्याशीच." ती कडवट हसली. "गेल्या वर्षी बरा होता. हातात जादा पैसे खेळायचे. कुठले म्हणून विचारलं तर म्हणायचा, वाफ उडवायचे मिळतात. मला वाटलं, थट्टा करतोय. यंदा नवा बॉयलर आला आणि ते बंद झालं. तेव्हापासून घरात रोज मार."

"आणि या आठवड्यात?"

"परवा फार खुशीत होता. म्हणाला, चाचणी संपेपर्यंत थांब, एकाची शेंडी माझ्या हातात आहे. कुणाची, ते विचारलं. त्याचं उत्तर हे." तिनं गळ्याकडे बोट दाखवलं.

चाचणी कसली, ते मालकानं सांगितलं. मालक कारखान्यावरच, बरोबर बॉयलरखोलीच्या माथ्यावर राहायचा. विधुर, साठीचा, पायजम्यावर कोट घातलेला. हा घाबरला की जास्त बोलणाऱ्यांपैकी होता, आणि पोलिसांना अशी माणसं देवासारखी वाटतात.

"मोठी हॉटेलं हल्ली विचारतात, तुमची धुलाई हिरवी आहे का? धूर किती, पाणी किती, कागद दाखवा. नाही दाखवले तर काम दुसऱ्याला. मला नवा बॉयलर हवा होता, सांडपाण्यातली उष्णता परत वापरायचं यंत्र हवं होतं. पैसा कुठून आणू?"

"मग आणलात कुठून?"

"मी नाही, बचतवाल्यानं आणला." ते एका छोट्या कंपनीच्या इंजिनिअरचं टोपणनाव होतं. कुठेही गेला की आधी गळके नळ बंद करायचा, म्हणून पडलेलं. "यंत्र त्याचं. गॅस वाचेल त्यातला मोठा वाटा दहा वर्षं त्याचा. माझं काहीच जात नाही. तो बाहेरून उधार घेऊन बसलाय, सासऱ्याचं घरसुद्धा गहाण टाकलंय म्हणतात. बँक त्याला ते भरून देणार, पण एका अटीवर. तीन दिवसांची चाचणी, आणि गॅस चौथा हिस्सा तरी वाचला पाहिजे. पंचवीस टक्के."

"कशाच्या मानानं वाचला पाहिजे?"

"गेल्या वर्षीच्या. आधी सहा महिने त्यानं जुना बॉयलर मोजला होता."

"आणि चाचणी?"

"आज सकाळी सहाला संपली. पास झालो बाई. पंचवीस पूर्णांक तीन." मालकाचा चेहरा क्षणभर उजळला. मग खाली काय पडलंय ते आठवून तो ओशाळला. "आठ वाजून पाच मिनिटांनी अहवाल आला फोनवर. बँकेलाही गेला. मी त्याला अजून बातमीही दिली नाही. सुचलंच नाही."

बाईंनी तीनही दिवसांचा अहवाल त्याच्या फोनवरून आपल्याकडे घेतला. तक्ते बरेच होते. पहाटे साडेपाच, रूळ तापवणे, बारा मिनिटं. मग सहापर्यंत शांत. मग दिवसभराचं काम. तळाशी बारीक अक्षरात, वजा केलेल्या गोष्टी: 'दुसरा दिवस, दुपारी वीज गेली, अर्धा तास. तिसरा दिवस, पहाटे ५.३२ ते ५.४४, फुकट गेलेली वाफ.' बाईंनी चष्मा पुसला आणि फोन खिशात टाकला.

"रूळ रोज साडेपाचला तापवतात?"

"रोज. बारा मिनिटं वाफ द्यायची, मग सहाची पाळी येईपर्यंत थांबायचं. वीस वर्षांचा नेम."

"खाली तो जुना कापलेला नळ आहे, तो कशाचा?"

"काय की बुवा. पूर्वी मागच्या गटारात जायचा. नवं यंत्र बसवताना बाहेरचा तुकडा काढला."

"आज पहाटे काही आवाज?"

"मी पाचपासून जागा होतो, काळजीनं. काहीच आवाज नाही." मग त्याला काहीतरी आठवलं. "नवल आहे हो. खालचा व्हॉल्व्ह कुणी घाईनं उघडला की माझा पलंग हलतो. नळात रात्रीचं गार पाणी साठलेलं असतं, वाफ एकदम सोडली की ते आतल्या आत आपटतं. बंदूक उडाल्यासारखं. इस्त्रीवाल्यानं मागे एकदा असाच हिसका दिला होता, मी अंथरुणातून खाली आलो. तेव्हापासून त्याला व्हॉल्व्हला हात लावायची बंदी आहे."

"आणि न आपटता उघडायचा असेल तर?"

"आधी पाव फेरा. पाणी वाहून जाऊ द्यायचं. मग हळूहळू. ते माहीतगाराचं काम. मलासुद्धा जमत नाही."

बाई जिना उतरताना काहीच बोलल्या नाहीत. हवालदाराला ही लक्षणं माहीत होती. बाई गप्प बसल्या की कुणाचं तरी भरलेलं असायचं.

बरोबर नऊला बचतवाला आला. चाळिशीचा, सडपातळ, नीटस माणूस. हॉलमध्ये उकाड्यानं सगळ्यांनी बाह्या कोपरावर दुमडल्या होत्या, याची बटणं मात्र मनगटापर्यंत लावलेली. फाटकावरच्या शिपायानं त्याला अडवलं, तेव्हा तो म्हणे मटकन खाली बसला होता.

बाईंनी त्याला मालकाच्या लहानशा कचेरीत बसवलं. कोपऱ्यातला नळ ठिबकत होता. बोलता बोलता त्यानं उठून तोटी घट्ट पिळली, नळ डाव्या बाजूला असूनही उजव्या हातानं, जरा वाकडं होऊन.

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"आत्ता. फाटकावर. विश्वास बसत नाही. गरीब माणूस होता."

"बायकोला झोडपायचा."

"असेल. मला काय, कामापुरती ओळख."

"आज पहाटे कुठे होतात?"

"घरी. झोपलो होतो. साडेसातला उठलो."

"हा अहवाल यंत्र आपोआप पाठवतं का हो? मला यातलं काही कळत नाही."

बाईंनी इतक्या भोळेपणानं विचारलं की हवालदारानं छताकडे बघितलं.

"छे. यंत्र नुसते आकडे देतं. अहवाल मी बनवतो. एकेक ओळ माझी. काय धरायचं, काय वजा करायचं, त्यातच तर खरं कौशल्य आहे."

"आजचाही घरीच बनवलात?"

"हो. आठच्या सुमाराला, चहा पिता पिता."

"तोवर इथलं काहीच कानावर आलं नव्हतं? कुणाचा फोन, निरोप?"

"काहीच नाही हो. आलं असतं तर चहा घशाखाली उतरला असता का?"

"खरंय," बाई म्हणाल्या. "बसा. अकरानंतर मोकळं करीन सगळ्यांना."

दोन तास त्या बॉयलरखोलीत एकट्या होत्या. मीटरपासून नळ कुठे फुटतो ते त्यांनी बोटानं चाचपून बघितलं. इस्पितळात फोन केला. मेहुण्याला शस्त्रक्रियेला घेतलं होतं, बरगड्या मोडल्या होत्या, सांगता येत नाही म्हणाले. सव्वाअकराला त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये इस्त्रीच्या रुळांसमोर गोळा केलं. प्रेत हलवल्यावर बाईंच्या परवानगीनं मालकानं दुसरा बॉयलरवाला बोलावून रूळ तापवले होते, दुपारी इस्पितळाच्या चादरी जायच्या होत्या. माणूस मेला तरी चादरी लागतातच.

"काल रात्रीपर्यंत या मेलेल्या माणसाला मारायची इच्छा एकाचीच होती असं तुम्ही धरून चाललात," बाई म्हणाल्या. "इस्त्रीवाल्याची. आणि इच्छा होतीही. पण ज्यानं मारलं त्यानं डोकं फोडून झाल्यावर जुना व्हॉल्व्ह उघडला, वाफ अंगावर सोडली, म्हणजे अपघात वाटेल. व्हॉल्व्ह उघडला आणि वर पलंग हलला नाही. पाव फेरा, थांबा, मग हळूहळू. माहीतगाराचा हात. इस्त्रीवाल्याच्या हातानं अख्खा कारखाना जागा झाला असता."

गर्दीत चुळबुळ झाली. दांडगा धुलाईवाला जमिनीकडे बघू लागला.

"मग त्यानं व्हॉल्व्ह बंद केला. इथे मी अडले. अपघात दाखवायचा तर वाफ चालू ठेवायची. बंद का केली? कारण सहापर्यंत चाचणी चालू होती आणि वाफेचा प्रत्येक थेंब मीटरवर चढत होता. माणूस मारताना त्याचा हात थरथरला नाही. वाफ वाया जाताना मात्र त्याला राहवलं नाही."

आता सगळे एकाच माणसाकडे बघत होते. बचतवाल्यानं रुमालानं मान पुसली.

"हे काय बोलताय? मला हा माणूस मारायचं कारण काय?"

"कारण पंचवीस टक्के. गॅस वाचला किती, हे ठरतं आधी किती जळत होता त्यावर. आधीचा आकडा फुगवला की वाचलेलाही फुगतो. गेल्या वर्षी तुम्ही जुना बॉयलर मोजत होतात, तेव्हा हा माणूस तुमच्या सांगण्यावरून वाफ त्या नळातून गटारात सोडत होता. घरी बायकोला सांगायचा, वाफ उडवायचे पैसे मिळतात. ती थट्टा नव्हती. आज बँकेला अहवाल जायचा होता. चाचणी संपेपर्यंत थांब म्हणाला तो बायकोला. तुम्हालाही तेच म्हणाला असणार, फक्त वेगळ्या आवाजात."

"त्याच्या बायकोच्या ऐकीव गप्पा. पुरावा आहे का काही?"

"तुम्हीच पाठवलात. आठ वाजून पाच मिनिटांनी." बाईंनी फोन काढला, चष्मा नाकावर चढवला. "पहिला दिवस. पहाटे साडेपाच, बारा मिनिटं वाफ गेली. तुम्ही लिहिलंत, रूळ तापवले, आणि धरली. दुसरा दिवस. तीच वेळ, तेवढीच वाफ. धरली. तिसरा दिवस. तीच वेळ, जवळपास तेवढीच वाफ. इथे लिहिलंत, फुकट गेली, आणि वजा केली. का?"

बचतवाल्याचे ओठ हलले. "मीटरवर दिसलं."

"मीटर बॉयलरच्या तोंडाशी आहे. वाफ गेली एवढं त्याला कळतं. रुळांवर गेली की माणसावर, ते त्याला कळत नाही. घरी बसून, चहा पिताना, इथलं काही माहीत नसताना, आज रूळ तापले नाहीत हे तुम्हाला कसं कळलं? ते फक्त दोघांना माहीत होतं. ज्यानं गार रुळांना हात लावला तो आता इस्पितळात आहे. दुसरा तो, ज्यानं वाफ सोडली."



"ती बारा मिनिटं धरली असती तर आकडा येत होता चोवीस पूर्णांक नऊ. नापास. तुम्हाला वाटलं, ही वाफ खरंच कामाची नव्हती, वजा करायला काय हरकत आहे. हिशेबाच्या दृष्टीनं बरोबरच. सबंध व्यवहारात तुम्ही एकच ओळ खरी लिहिलीत, आणि तीच नडली. डावी बाही वर करा."

त्यानं बाही वर केली नाही. शेजारच्या टेबलावरची चादरी ओढायची लोखंडी आकडी उचलली आणि हवालदाराच्या तोंडावर हाणली. गाल उघडा पडला. हवालदार ओरडत खाली गेला. दुसरा वार बाईंवर आला. त्या वाकल्या, गुडघ्यानं दगा दिला, आणि तोल जाऊन त्यांचा तळहात तापल्या रुळावर टेकला. मांस चरचरलं. तशाच त्या हातानं त्यांनी त्याची कॉलर धरली आणि दुसऱ्या हातातली काठी त्याच्या मनगटावर आणली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आकडी फरशीवर पडली.

झटापटीत बाही फाटली होती. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आलेले, काही फुटलेले. व्हॉल्व्ह बंद करताना वाफेतून हात घालावा लागला होता.

"तो थांबतच नव्हता," फरशीवर बसून बचतवाला बोलू लागला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "दर महिन्याला वाढवून मागायचा. काल म्हणाला, वाटा हवा, दहा वर्षं. माझं घर नाही हो, सासऱ्यांचं आहे ते. मी नुसता समजवायला गेलो होतो पहाटे. तो हसला. पाठ करून हसला."

मग चाळीस जण पुढे सरकले. सकाळचेच हात, सकाळचेच डोळे. दांडग्या धुलाईवाल्यानं आकडी उचलली.

"एक पाऊल जरी पुढे टाकलंत," बाई त्याच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, भाजलेला हात छातीशी धरून, "तर मी पायावर गोळी घालीन. आणि माझा नेम वाईट आहे."

आकडी खाली ठेवली गेली. शिपायांनी बचतवाल्याला बेड्या घालून मागच्या दारानं नेलं. हवालदाराच्या गालावर कुणीतरी स्वच्छ टॉवेल दाबून धरला. इस्पितळात जायला तो तयार होईना. लोकांचा श्वास मोकळा झाला, हळूहळू बोलणं सुरू झालं. एकानं तर म्हटलंही, बरं झालं बाई, खरा सापडला.

बहीण घड्यांच्या टेबलापाशी उभी होती. आत्ता कुठे ती रडत होती, आणि रडता रडता तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"त्यानं नाही केलं," ती म्हणाली. "बाई, मी इस्पितळात जाऊ? त्याला सांगायला हवं ना, सापडला म्हणून."

बाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, किती वाजता, एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. अशी बातमी द्यायची युक्ती त्यांना एकोणतीस वर्षांत सापडली नव्हती. त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले.

"बरगडी फुफ्फुसात घुसली होती. बारा वाजता गेला."

तिनं समोरची अर्धी घडी घातलेली चादर पूर्ण घातली, काठाला काठ लावून, आणि ढिगावर ठेवली.

हॉलमध्ये बातमी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचली. पिशव्या उचललेल्या लोकांनी पिशव्या हातातच धरल्या. काहीजण दाराकडे सरकले.

"दार लावा," बाई शिपायाला म्हणाल्या. "एक खून उलगडला. आता दुसरा."

"मॅडम, चूक झाली आमची," धुलाईवाला म्हणाला. "आम्हाला वाटलं, यानंच मारलं. कुणालाही वाटलं असतं."

"चूक झाली की माफी मागतात. ज्याची मागायची तो गेला. पहिला कोण धावला?"

चाळीस माणसं, पंधरा वर्षांची ओळख, एकाच भांड्यातला चहा प्यायलेली, आणि कुणालाच काही आठवत नव्हतं.

बहीण हवालदारासमोर येऊन उभी राहिली. "लिहा. फिर्याद माझी आहे."

गालावरचा टॉवेल धरून हवालदारानं विचारलं, "कुणाविरुद्ध?"

"आधी माझंच नाव लिहा." तिचा आवाज सपाट होता. "बॉयलरखोलीच्या दाराशी मी सगळ्यांच्या आधी पोचले. तो त्याच्या अंगावरून उठत होता, हात रक्तानं भरलेले. मी ओरडले, दादा, मारलंसच ना शेवटी त्याला. ते ऐकून हे आले. त्यानं माझ्याकडे बघितलं होतं, काहीतरी सांगत होता. मी ऐकायला थांबले नाही."

हवालदारानं बाईंकडे बघितलं. बाईंनी स्टूल ओढलं, दुखरा गुडघा सरळ करून तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "लिहून घ्या. जसं सांगते तसं."

"आता बाकीचे," ती म्हणाली, आणि समोरच्या एकेका चेहऱ्याकडे बघत नावं सांगू लागली.